ओढून धरलेला सूर

"नाई जमलं," शालिकराम म्हणाला. "आखीन एकदा वाजव."

आकांक्षानं माझ्याकडं पाहिलं. सकाळपासूनची ही अकरावी खेप. पोरगी अमरावतीला संगीत शिकते. सकाळची गाडी धरून ती तिथल्या जवळच्या बडनेऱ्याहून अकोल्याला आली होती आणि जठारपेठेतल्या शालिकच्या दुकानात जळक्या मोटारींच्या वासात बसून गिटार वाजवत होती. बोटं अशी पळत होती की मी तर केव्हाच शाबासकी देऊन मोकळा झालो असतो.

"काका, सूर तर बरोबर लागला ना?"

"सूर लागला. पन तू लवकर सोडून रायली."

पंपाची मोटार जळली की तिच्यातली जुनी तांब्याची तार काढून नवी भरायची, हा शालिकचा चाळीस वर्षांचा धंदा. गणपती आले की आमचा ऑर्केस्ट्रा. तो गिटार, मी ढोलक, आणि गायला त्याची बायको, चारुशीला. पंधरा वर्षांपूर्वी शालिकच्या डोक्यात रॉक शिरलं. सगळ्यांच्या आईला पाठ असलेलं एक जुनं गाणं त्यानं इलेक्ट्रिक गिटारवर, फाटक्या, गुरगुरत्या आवाजात बसवलं. गाण्याचं नाव सांगत नाही. सांगितलं की तुम्ही गुणगुणायला लागाल आणि माझं ऐकायचं राहून जाईल. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले होते, एवढं आठवतं.

त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण कुणीतरी नेटवर टाकलं. ते पाहून मागच्या महिन्यात आकांक्षानं शालिकला भलामोठा मेसेज लिहिला. तो त्यानं मला तीनदा वाचायला लावला. खालच्या सुरावर तार छेडून तीन बोटांनी ती वर ओढायची, वरच्या सुरावर नेऊन धरायची, आणि स्पीकरच्या इतकं जवळ उभं राहायचं की त्याच्या आवाजानंच तार थरथरत राहते, पुन्हा छेडावी लागत नाही. हे पुष्कळ जण करतात, असं तिनं लिहिलं होतं. 'पण काका, दुसऱ्या अंतऱ्यात तुम्ही दोन आवर्तनं नुसता सूर धरून उभे आहात. एकदाही बोटं चालवायचा मोह झाला नाही? इतका संयम मी कुणात पाहिला नाही.'

मी हसलो होतो. संयम कसला! त्या रात्री यानं माझा ठेका पार उधळला होता. ती दोन आवर्तनं आमच्या तालमीत कधी नव्हतीच. तेव्हापासून पंधरा वर्षं मी त्याला 'ताल विसरलेला गिटारवाला' म्हणून चिडवत आलो. तो नुसता हसायचा.

चारुशीलावहिनी गेल्याला उद्या वर्ष होणार होतं. वर्षश्राद्धाला तिच्या फोटोपुढं तेच गाणं वाजावं, एवढीच शालिकची इच्छा होती. पण दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला आणि त्याच्या डाव्या हाताची बोटं मिटायचीच थांबली. तारेवर जोर देणं दूरच, त्याला पेला धरता येत नव्हता. म्हणून त्यानं या पोरीला बोलावलं होतं.

त्यानं उजव्या हातानं तांब्याच्या तारेचं एक टोक आकांक्षाच्या बोटांना गुंडाळलं, दुसरं आपल्या मुठीत धरलं.

"ओढ. हळू. तुटायच्या आंधी तार बोटाले सांगते. आलं ध्यानात?"

"हो. आतून थरथरते आहे."

"तिथंच थांबाचं. तोडाचं नाई, सोडाचंबी नाई."

"पण किती वेळ, काका? मोजायचं कसं?"

शालिक खाली बघत म्हणाला, "मोजलं नवतं मी. तिचा दम उखडला होता त्या दिवशी. ओळ अर्धी झाली अन् तिनं माइकचा दांडा धरला. मले दिसलं. म्हून तिचा सूर मी उचलला अन् तिचा श्वास परत येईस्तोवर धरून ठेवला. ती आली, तवा सोडला."

मी जवळ सरकून बसलो. शालिक पुढं सांगत होता.

"घरी आल्यावर म्हणे, कोनाले सांगू नका. दमा हाये म्हटलं तं मले कोनी गाऊ देनार नाई. त्याच्यानंतर नऊ वर्सं गायली ती."

"मले तरी सांगाचं बे!" मी म्हणालो.

"तुले? तुले सांगतलं असतं तं सांजेपरेंत साऱ्या जठारपेठेले मालूम झालं असतं."

खरंच होतं ते. तोंडात मारल्यासारखं झालं मला. वहिनीच्या श्वासाला मी पंधरा वर्षं चूक म्हणत होतो, आणि तिचं गाणं चालू राहावं म्हणून हा माणूस ती चूक आपल्या नावावर मिरवत होता. आकांक्षानं डोळे पुसले आणि काही न विचारता गिटार पुन्हा मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाची पानं उठल्यावर माणसं बैठकीत जमली. कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं, "श्राद्धाच्या दिवशी काहून बाप्पा हे?" शालिकनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. फोटोला हार होता. आकांक्षा स्पीकरला जवळजवळ टेकून बसली. मी ढोलक घेतली.

गाणं सुरू झालं. पहिला अंतरा गेला. दुसऱ्यात ती जागा आली, तसं आकांक्षानं तार ओढली आणि सूर वर जाऊन उभा राहिला. मी हात उचलून धरले. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. तिची बोटं लाल झाली, मनगट कापायला लागलं. तिनं शालिककडं पाहिलं.

त्यानं उजवा पंजा वर केला. "थांब. तिले दम घेऊ दे."

तो फोटोकडंच बघत होता. त्या दिवशी स्टेजवरही असाच बघत असणार. मी तेव्हा फक्त मात्रा मोजत होतो.

किती वेळ गेला ते या खेपेला मी मोजलं नाही. शेवटी त्यानं मान हलवली, पंजा खाली घेतला आणि मला म्हणाला, "हं, घे गजेंद्र. आली ती."

आकांक्षानं तार सोडली. मी ठेका धरला. पुढची ओळ वहिनीची होती. ती कुणीच गायली नाही. ओळ पुरी होईपर्यंत मी वाजवत राहिलो.