राजाला झोप येत नव्हती, तिथून

पहिल्यापासून

हॉस्पिटलसमोरच्या इमारतीवर ऊन पहिल्या मजल्यापासून वर होतं. ते चढत चढत गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावरून निघून गेलं, की दिवस संपला. त्याच्या आत बाबांनी राणीच्या गोष्टीची गुंडाळी, ती चामड्यावरची पोथी, शब्दन् शब्द ऐकायला हवी होती. सणाच्या रात्री एकदा आणि दिवसा एकदा, असा कायदा. रात्रीची झाली होती. दिवसाची राहिली होती. वयाच्या सातव्या वर्षापासून बाबांची एकही चुकली नव्हती, आणि त्यातली चाळीस वर्षं तर त्यांनीच इतरांना वाचून दाखवली होती. सकाळी डॉक्टरांनी ताईला बाहेर बोलावून सांगितलं, आता दिवसांचं नाही, तासांचं बोला.

प्रार्थनामंदिराचा हल्लीचा वाचक दुपारी येऊन गेला होता. त्याला सगळे एक्स्प्रेस म्हणायचे. सत्तावीस मिनिटांत गुंडाळी संपवून तो पुढच्या आजाऱ्याकडे पळाला. तो जिना उतरतो न उतरतो, तोच बाबांनी डोळे उघडले.

"मी झोपलो होतो."

"कुठं झोपला होतात? मान हलत होती की तुमची," ताई म्हणाली.

"मान हलते गं. मानेला कान असतात का?"

"किती गेलं मधलं?" चष्मेवाल्यानं विचारलं. हा बाबांचा धाकटा. कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान, तीन रात्री इथल्या खुर्चीत.

"ते कळलं असतं तर ती झोप कसली?"

एक शब्द निसटला तरी ऐकणं पुरं होत नाही. कुठून निसटलं ते ठाऊक असेल तर तिथून पुढं घ्यायचं, नसेल तर पहिल्यापासून. मध्ये कितीही थांबलं तरी चालतं, पण मागचं पुढं आणि पुढचं मागं केलेलं चालत नाही. हे सगळं चष्मेवाल्याला लहानपणी कानफटात खाऊन पाठ झालेलं. पुढं दुकान आलं, आणि बारा वर्षं त्यानं या दिवशीही शटर खाली ओढलं नव्हतं.

एक्स्प्रेस फोन उचलेना. ताईनं पिशवीतून घरची गुंडाळी काढली आणि धाकट्यापुढे धरली.

"मला नाही जमणार."

"मग मला जमेल का? बाबांनी शिकवलं तुला. मी दाराआडून ऐकलं फक्त."

पुन्हा पहिल्यापासून

समोरच्या इमारतीवर ऊन तिसऱ्या मजल्यापासून वर होतं. चष्मेवाला अडखळत वाचत होता. चामड्यावरची शाई आजोबांच्या वेळची, कुठं कुठं उडालेली. राजाची मेजवानी झाली, जुन्या राणीला हाकललं, नवी राणी आली. त्यानं मान वर केली. ऑक्सिजनच्या मास्कवर वाफ धरत होती, विरत होती, आणि बाबा गाढ झोपले होते.

"बाबा."

"हं. कुठं होतो आपण?"

"तुम्ही सांगा."

बाबांना सांगता आलं नाही.

पुन्हा पहिल्यापासून

चौथ्या मजल्यापासून वर. या खेपेला ताई बाबांच्या तळव्याला चिमटे काढत होती. सिस्टर सलाईन बदलायला आली, तिनं पाहिलं आणि म्हणाली, "पेशंटला झोपू द्या हो. औषधच तसं आहे." दुष्ट प्रधानाचं नाव आलं की पोरं पाय आपटतात; चष्मेवाल्यानंही लहानपणासारखा आपटला, निदान तेवढ्यानं तरी बाबा जागे राहतील म्हणून. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठला. बाबा उठले नाहीत.

त्यानं गुंडाळी मांडीवर टाकली. "नाही होत, ताई. मी हात टेकले."

"टेक. आणि उद्या काय सांगशील? मी वाचत होतो आणि ते झोपत होते?"

"तू गप्प बस."

"दोघंही गप्प बसा," मास्कमधून आवाज आला. "ऐकणारा पेंगला तर चालत नाही. वाचणारा पेंगला तर?"

चष्मेवाल्याला आठवायला वेळ लागला. पेंगत पेंगत वाचलं, तरी वाचणाऱ्याचं पुरं होतं. तोंड शब्द म्हणतंच असतं.

"चालतं," तो म्हणाला.

"मग मलाच वाचू दे, गाढवा. तू ऐक. तुझंही राहिलंय."

पुन्हा पहिल्यापासून

पाचव्या मजल्यापासून वर. पण बाबांना अक्षर दिसेना. घरचा चष्मा दोन वर्षांपूर्वीचा, मुलाच्याच दुकानातला. त्यानंतर नंबर तपासायला त्याला सवड झाली नव्हती. तो जिने उतरून पळत गेला आणि पळत परत आला, बगलेत काचांची पेटी घेऊन. नंबर काढायची ती जड, गोल, काळी फ्रेम त्यानं बाबांच्या नाकावर बसवली आणि एकेक काच आत सोडली.

"ही बरी की ही?"

"गिऱ्हाईक समजलास का? टाक कुठलीही."

"बाबा, नीट सांगा."

"ही."

मास्क हनुवटीवर ओढून बाबा वाचायला लागले. आवाज हरवलेला, चाल मात्र तीच. तीन-चार शब्द, मग श्वास, मग मास्क, पुन्हा तीन-चार शब्द. मध्येच पापण्या मिटायच्या. ताई गुंडाळी डोळ्यांपुढे धरून थांबायची आणि ओळ पुन्हा पुढं सरकायची. चष्मेवाला खुर्चीत ताठ बसून ऐकत होता. आता होईल, त्याला वाटलं. पाठीतला पीळ सैल पडला. राणीनं राजाला जेवायला बोलावलं. त्या रात्री राजाला झोप येत नव्हती, म्हणून त्यानं

दहा नावं. प्रधानाच्या दहा मुलांची दहा नावं एका दमात म्हणायची असतात, आणि बाबा ती एका दमात म्हणत होते, ओठ निळे, बोट चामड्यावर. दहावं संपलं आणि असा खोकला आला, की चष्मेवाला उभाच राहिला. ताईनं मास्क चढवला. पुष्कळ वेळानं मास्क खाली आला आणि उरलेलं संपलं.

"झालं," बाबा म्हणाले. फ्रेममधून त्यांचे डोळे मोठाले दिसत होते. "ऐकलंस ना सगळं?"

हो म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? बाबांचं पुरं झालं होतं.

"नाही," तो म्हणाला. "मला डुलकी लागली."

ताईनं कपाळाला हात लावला.

"कुठून?"

"राजाला झोप येत नव्हती, तिथून."

बाबांचं पोट हललं. हसत होते. "राजाची झोप तू घेतलीस होय." मग मान खिडकीकडे वळवली. "ऊन आहे का रे?"

"झाकणावर आहे."

"कुठून ते माहीत आहे. मग बसलायस कशाला? घे तिथून."

ताई फ्रेम काढायला वाकली. "राहू दे," बाबा म्हणाले. "चुकला तर दिसायला हवं."

तिथून

झाकणाची कड. तो वाचत होता, एक्स्प्रेसला मागं टाकेल असा, आणि या वेळी एकही शब्द अडत नव्हता. बाबा झोपले तरी आता हरकत नव्हती. राजानं दरबाराची वही मागवली, प्रधानाची मस्ती उतरली, राणीनं तोंड उघडलं. दहा नावांपाशी त्यानं छाती भरून घेतली.

चौथ्या नावाला ताईचा आवाज आला, अगदी हळू. "अरे."

पाचवं. सहावं. ताईचा हात बाबांच्या मनगटावर होता, ते न बघताही त्याला कळत होतं. सातवं, आठवं. दहावं संपेपर्यंत त्यानं वर पाहिलं नाही.

मग पाहिलं. मास्क स्वच्छ होता. वाफ धरत नव्हती.

गुंडाळी अजून वीतभर उरली होती. थांबलं तरी चालतं. त्यानं ओळीवर बोट तसंच दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं बाबांच्या नाकावरची फ्रेम अलगद काढली.