केरबाने निवडलेला बोर्ड

“दिवेवाला घेऊन काय करताय, शेठ? दिवाळी हाय का?” केरबाने चमकणारा बोर्ड बाजूला सारला आणि टेबलावरच्या तीन जुन्या मदरबोर्डांपैकी सर्वांत मळका उचलला. “ह्यो घ्या.”

समर्थने नाक मुरडले. लोणावळ्यात येणाऱ्या पर्यटकांसाठी तो चाळीस संगणकांचे गेमिंगचे दालन उघडत होता आणि ती यंत्रे सांभाळायला त्याला माणूस हवा होता. परीक्षा साधी होती. त्याच्याकडे एक जुना प्रोसेसर होता, तो कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा होता आणि नव्या बोर्डात तो बसत नव्हता. वापरलेल्यांतून योग्य बोर्ड निवडून चालवून दाखवायचा, की नोकरी पक्की.

“हाच का?”

“पळतो प्रोसेसर, पर भार पेलतो बोर्ड. त्या दिवेवाल्याचे कपॅसिटर बघा, डोकी फुगल्यात. दुसऱ्याला करंटच्या भागावर थंडाव्याची पट्टीच न्हाई, दहा मिंटात तापंल. ह्याची पट्टी वजनदार हाय. मळ काय, धुतला की जातो.”

निवड बिनचूक होती. भांगरवाडीतल्या घराच्या पुढच्या खोलीत केरबाने बावीस वर्षे असलीच कामे केली होती. आता आठ-आठ दिवस कोणी दार ढकलत नसे, पण गर्व तसूभर कमी झाला नव्हता. डोळ्यांचे मात्र तो कोणाला सांगत नसे.

त्याने बोर्ड धुतला. श्रावणातल्या लोणावळ्यात तो वाळवायला ऊन कुठले? गावी, आंदर मावळात, त्याची आई भिजलेले घड्याळ, बॅटरीचे सेल, काहीही तांदळात खुपसायची. त्याने बायकोला हाक मारली.

“अंबू, ह्यो तांदळाच्या डब्यात ठिव. तीन दिस.”

“त्या बारीक पिनांत दाना जायाचा,” अंबूबाई म्हणाली.

“झाकान हाय त्यावर. सांगितलं तेवढं कर.”

तिने तरीही बोर्ड जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला, चारी कडांना टाके घातले आणि मगच डब्यात ठेवला.

रविवारी सकाळी केरबाने टाके उसवून बोर्ड काढला. दाणाच काय, कोंडाही लागला नव्हता. समर्थ यायच्या आधी शेवटची नजर टाकावी म्हणून त्याने प्रोसेसर बसतो तिथल्या पिनांवरचे झाकण काढले. मधोमध धुळीचा कण दिसला. तो टिपायला त्याने चिमटा घातला. कण नव्हताच, त्याच्या डोळ्यापुढचा ठिपका होता. चिमटा घसरून तीन पिना आडव्या झाल्या, आणि सरळ करताना त्यांतली एक तुटली.

चहा घेऊन आलेली अंबूबाई दारातच थांबली होती. “दिसंना व्हय?” तिने हळूच विचारले.

“गप बस.”

थोड्याच वेळात समर्थ आला. अंबूबाई टेबलावर चहाचे कप ठेवून परत दारात उभी राहिली. प्रोसेसर बसवण्याआधी त्याने बोर्डावर मोबाइलचा उजेड मारला. “पिन तुटलीय. काका, हे कोणी केलं?”

केरबाने बोर्ड आपल्याकडे ओढला. ज्याला पिना दिसत नाहीत त्याच्या हाती चाळीस संगणक कोण देईल? बायको दारात उभी आहे हे त्याला ठाऊक होते, आणि तरी त्याची जीभ अडखळली नाही.

“बायकूनं. मला न इचारता तांदळात खुपसला. अडानी बाई, काय बोलायचं?”

समर्थ आधी थक्क झाला, मग पोट धरून हसला. त्याने व्हिडिओ सुरू करून मोबाइल तिच्यावर रोखला. “काकू, तुम्हीच सांगा ना. मदरबोर्ड कशात ठेवला?”

अंबूबाईने नवऱ्याकडे पाहिले. तो मान खाली घालून, मुळात स्वच्छ असलेला बोर्ड पुसत होता. छत्तीस वर्षांच्या संसारात तिला त्याची एवढी शिसारी कधी आली नव्हती, आणि एवढी कीवही. तिने पदर डोक्यावर घेतला.

“तांदळात,” ती मोबाइलकडे बघत म्हणाली. “हे नगं म्हनत व्हते. म्याच ठिवला.”

“एक नंबर,” समर्थ म्हणाला. “काका, बोर्ड तर तुम्ही बरोबर निवडला होता, तुमचा काय दोष? एक तारखेपासून या. फक्त काकूंना मशिनांजवळ आणू नका.”

“उंबऱ्याच्या आत बी घेनार न्हाई तिला,” केरबा म्हणाला.

समर्थने तो व्हिडिओ लावला आणि मोबाइल केरबापुढे धरला. केरबाही हसला, समर्थपेक्षा जरा जास्तच. दोघांचे हसणे संपेपर्यंत अंबूबाई तशीच उभी राहिली, मग टेबलावरचे कप उचलून आत गेली.