मसाजींनी झील धरली

हरीशनं वसमतच्या मोंढ्याजवळ, बाजारातल्या एका जुन्या गोदामात कॅफे काढला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. हळदीच्या गोदामात बसून कॉफी कोण पिणार? पण त्या शनिवारी संध्याकाळी खुर्च्या कमी पडल्या, कारण कुरुंद्याचा शिवशंकर स्वतः रचलेली गाणी गिटारवर म्हणणार होता. चारचौघांपुढं त्याची ही पहिलीच वेळ. पुण्याला राहून आल्यापासून हा गडी पाणी मागतानासुद्धा शहरी आवाज काढायचा, पण गळा चांगला होता, हे मान्यच करायला हवं.

तिसरं गाणं बापावरचं. "मेंढरं राखणारा माझा बाप, त्याच्या घोंगडीच्या उबेत मी मोठा झालो," असं त्यानं माइकमध्ये सांगितलं आणि पुढच्या टेबलावरच्या राजनंदिनी नावाच्या एका मुलीनं लगेच डोळ्यांना रुमाल लावला.

तेवढ्यात दार ढकलून तो बापच आत आला. खांद्यावर घोंगडी, डोक्याला पटका. मसाजींना कुणी बोलावलं नव्हतं. पोरानं आईला फोनवर सहज सांगितलं होतं, तेवढ्यावर ते एसटीत बसले होते. शिवशंकरनं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि सुरुवात केली.

"बाप निघाला रानाला, वाट त्याची सरंना..."

मसाजींचं सगळं आयुष्य ओव्या म्हणणाऱ्यांत गेलेलं. तिथं एकानं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती मागून उचलायची, याला झील धरणं म्हणतात. ओळ कुणी उचललीच नाही तर गाणाऱ्याचा मोठा अपमान. इथं तर सगळे तोंड मिटून, मोबाइल समोर धरून बसलेले! पोरगं एकटं पडलं, एवढंच त्यांना समजलं. त्यांनी दारातच कानावर हात ठेवला आणि माळावरची मेंढरं माघारी वळतील एवढ्या आवाजात ओळ उचलली.

"सरंना गं जीऽ, वाट त्याची सरंना!"

कुणाची तरी कॉफी सांडली. सगळीकडं हसू फुटलं, दोनतीन मोबाइल दाराकडं वळले. शिवशंकरची कानशिलं तापली. त्यानं तारांवर हात दाबला.

"काका, प्लीज," तो माइकमध्येच म्हणाला. "इथं फक्त ऐकायचं असतं."

मसाजींनी कानावरचा हात काढला.

"चुकलं, साहेब. आमाला हितलं काई ठावं न्हाई."

ते अगदी मागं, भिंतीला टेकून बसले. हरीशनं त्यांना पाणी दिलं. "ह्यांच्या ओळखीचे का तुमी?" शिवशंकरकडं बोट करत त्यानं विचारलं.

"न्हाई वो. एसटीला टाइम हाय, गाणं आयकू आलं म्हून आलो."

शिवशंकरला ते स्पष्ट ऐकू आलं. आधी त्याला बापाची लाज वाटली होती. आता स्वतःची वाटली, आणि ती अशी की मान वर करवेना. लेकाची लाज राखायला म्हातारा भर सभेत खोटं बोलला होता आणि लेक हातात गिटार घेऊन ते ऐकत बसला होता. गाणं तर पुढं न्यायलाच हवं होतं. घोंगडीच्या कडव्याला त्याचा आवाज फाटला. लोकांना वाटलं, काय भाव ओतून गातो! टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो मध्येच थांबला.

"आबा," तो म्हणाला. "आबा, झील धरा ना. मी एकटा पडलो."

सगळ्या खुर्च्या करकरल्या. कोण आबा, कुठं आहेत आबा, म्हणून जो तो वळून बघू लागला. राजनंदिनी तर उभीच राहिली.

मसाजीही वळले. त्या पोराचे आबा कुठं बसलेत ते तेही सगळ्यांबरोबर मागं बघू लागले. त्यांच्या मागं नुसती भिंत होती.