पहिला कोट कोणी बेतला

मला धरून नेलं तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते, पायात नवी चप्पल होती आणि तोंड चालू होतं.

परदेशात रस्ता बांधणाऱ्या एका कंपनीला मजुरांचे कपडे जागेवरच शिवून हवे होते. आमच्या शिलाईच्या दुकानातून कोणीतरी जायचं, दहा मशीन मांडून द्यायची, तिथल्या बायकांना शिकवायचं आणि तीन महिन्यांत परत यायचं. जाणार होता माझा धाकटा भाऊ. ऐन वेळी त्याची कंबर धरली. मी म्हटलं, "बस शेक घेत. मी जाते." आणि दुसरी पास बाई विमानात बसली.

सतराव्या दिवशी कामावर जाताना आमच्या गाडीसमोर झाडीतून बंदूकवाले निघाले. ड्रायव्हर असा पळाला की त्याची टोपी तेवढी मागे राहिली. आणि मी राहिले, गुडघ्यापायी.

ती बंडखोरांची टोळी होती. सरकारशी त्यांचं भांडण काय, ते त्यांनी मला पुष्कळदा समजावलं. भांडण खरं असेलही, पण त्यात माझा काय संबंध ते कोणी सांगेना. म्होरक्या चष्मेवाला. पूर्वी बोटीवर आपल्या माणसांबरोबर भांडी घासायचा, म्हणून आपली भाषा मोडकीतोडकी बोलायचा. मला मावशी म्हणायचा. भाचा असा गुणाचा, की मावशीच्या पायात साखळी आणि साखळीचं दुसरं टोक झाडाला.

डोक्यावर प्लास्टिकचा कागद, खाली पाला. दर पंधरा दिवसांनी मुक्काम हलायचा. बोटांमधलं कातडं कुजून निघालं. दोन महिने मी रडले. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या सदऱ्यांकडे लक्ष गेलं. सगळे बगलेत उसवलेले.

"कुठल्या गाढवाने बेतलेत हे?" मी म्हटलं. "अशी बाही लावली तर माणूस हात वर कसा करणार?"

"मावशी, आमच्याकडे हात दुसरे लोक वर करतात."

पण दुसऱ्या दिवशी सुईदोरा आला. मी एकेक सदरा उसवून बाह्या नव्याने लावायला घेतल्या. रिकाम्या हाताने बसले असते तर वेड लागलं असतं.

आठव्या महिन्यात चष्मेवाला कागद घेऊन आला. खूश होता. म्हणाला, "तुझ्या घरून प्रश्न आलाय. आधी दोन ठगांनी 'बाई आमच्याकडे आहे' म्हणून त्यांना फसवलं. आता कंपनी म्हणते, बाई तीच आहे याची खात्री पटवा, मग पुढचं बोलू. भावाने विचारलंय, दुकानातला पहिला कोट कोणी बेतला?"

मला हसूच फुटलं. भाऊ असावा तर असा, वाटलं.

आता यातली गोम सांगते. दुकानावर पाटी माझ्या नवऱ्याच्या नावाची. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांनी एका न्यायाधीशांचा कोट बेतला आणि त्या कोटाने दुकान उभं केलं, ही गोष्ट आख्ख्या गावाला पाठ. आणि गोष्ट साफ खोटी. मास्तर टेप धरायचे रुबाबात, गिऱ्हाइकाशी बोलायचे गोड, पण खडू हातात घेतला की घाम फुटायचा. तो कोट पडद्याआड मी बेतला. त्यानंतरचे सगळे मीच. बाईने बेतलेला कोट अंगात कोण घालणार, म्हणून नाव त्यांचं. मुलांनाही मी तेच सांगत आले. बापाची मान ताठ राहिली की घराची राहते, असं मला वाटायचं. खरं फक्त तिघांना ठाऊक. मास्तर गेले. उरले मी, आणि तेव्हा शेजारी बसून काजं करणारा धाकटा.

मी विचार केला, 'मास्तर' हे उत्तर कोणीही ठग गावात विचारून देईल. म्हणून धाकट्याने असं विचारलंय, जे मीच सांगू शकते. चष्मेवाल्याला म्हटलं, "लिही. मी बेतला. मास्तरांनी नाही."

महिन्याने तो परत आला. खूश नव्हता. "मावशी, तुझी माणसं म्हणतात, तू तू नाहीस."

त्यानंतर कागद आला नाही. अकरा महिने. माझा ताप, माझे जुलाब, सुजलेला गुडघा, सगळं त्या अकरा महिन्यांत झालं. शेवटी सैन्य मागे लागलं आणि त्यांना पळायचं होतं. मला पळता येईना. त्यांनी मला डांबरी रस्त्याच्या कडेला बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि गेले. सोडलं असं लोक म्हणतात. ओझं टाकलं, एवढंच.

घरी आले तेव्हा धाकटा माझ्या खुर्चीत बसलेला. उठला, गळ्यात पडला, ढसाढसा रडला. त्याची कंबर ठणठणीत होती.

चार दिवस मी गप्प राहिले. लोक म्हणाले, बाईने धसका घेतलाय. पाचव्या दिवशी दुपारी दुकानात मुलगा, सून आणि धाकटा तिघंही होते. मी मुलाला विचारलं, "माझं उत्तर आलं तेव्हा काय झालं?"

"आई, ते तुझं नव्हतंच. कोणीतरी ठोकून दिलं होतं, 'मी बेतला' म्हणून. तू असं कशाला म्हणशील? मीच सांगितलं कंपनीला, ही आमची आई नाही."

"आणि मामा?"

"मामा तिथेच होता. तो काय बोलणार?"

मी धाकट्याकडे बघितलं. तो टेप गुंडाळत होता, उलगडत होता.

"ताई, मास्तरांची अब्रू..."

"मेलेल्याच्या अब्रूला झाडाशी बांधत नाहीत रे. खरं सांग."

मग तो खाली बघून म्हणाला, "प्रश्न विचारला तेव्हा माझ्या मनात खोट नव्हती, ताई. उत्तर आलं तेव्हा आली. आठ महिने दुकान माझ्या हाती होतं. सगळे मला मास्तर म्हणायला लागले होते."

मुलगा ओरडला, "मामा, म्हणजे ते खरं होतं?"

"खरं होतं. तुझ्या बापाने आयुष्यात एक बाही बेतली नाही."

मी धाकट्याला म्हटलं, "जा. परत आलास तर मी बोलणार नाही, आणि मी न बोलणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे." तो टेप टेबलावर ठेवून निघून गेला. त्याला मी या हातांनी वाढवला होता.

मुलगा माझ्या पायाशी बसला. "आई, मला कसं कळणार? मला शंकासुद्धा आली नाही."

तेच तर. तीस वर्षं माझ्या ताटात जेवला, आणि आपली आई कोट बेतू शकते ही शंकासुद्धा त्याला आली नाही.

सून इतका वेळ भिंतीशी उभी होती. हळूच म्हणाली, "मला आली होती, आई. तुमच्या बोटांना कायम खडू असायचा. मास्तर आजारी पडले त्या वर्षीही कोटांची ठेवण तशीच होती. उत्तर वाचलं तेव्हाच वाटलं, हे तुमचंच."

"मग बोलली का नाहीस?"

"पुरुष बोलत होते," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं, अशा वेळी मध्ये बोलायचं नाही."

धाकट्याला घालून पाडून बोलायला माझ्याकडे शंभर शब्द होते. हिच्यासाठी शोधले, तर एक सापडेना.