हलव्याचा काटा

हलव्याला काटा फुटायला तीन दिवस लागले. शेगडीवर परात, परातीत तीळ, वरून चमच्या-चमच्यानं पाक. शर्मिष्ठानं बोटांनी ते हलवत राहायचं. बोटांची टोकं भाजून गुळगुळीत झाली होती.

"आच वाढवू नको," आई म्हणाली. "घाई केली का दाणा नागडा राहते."

"आई, मी शनिवारी जाऊन राहिली पुण्याले."

रमाबाईंनी पाकाची वाटी खाली ठेवली. "सोमवारी अनुच्या सासरी सवाष्ण जेवाले बसायची आहे तू. पद्मिनीबाईले मी शब्द देऊन बसली."

"सोमवारी कोर्टाची तारीख आहे."

"तारीख काय, पुढची भेटते."

या वेळी भेटणार नव्हती. नवऱ्यानं, पुष्करनं, आणि तिनं मिळून केलेल्या घटस्फोटाच्या अर्जाला दीड वर्ष होत आलं होतं. सोमवारी दोघं उभे राहिले नाहीत तर तो अर्ज संपला, असं वकीलबाईंनी दोनदा समजावलं होतं. त्यातून पुष्कर बुधवारी कॅनडाला चालला होता. त्यानं कधी मारलं नाही, कधी टाकून बोलला नाही. बोललाच नाही. तीन वर्षं एका छताखाली दोघं आपापलं ताट धुऊन झोपत राहिले.

चौबे कॉलोनीला यातलं काही ठाऊक नव्हतं. कॉलोनीला एवढंच ठाऊक होतं, की जावई पुण्यात, पोरगी इथं बँकेत, बदलीचं चालू आहे. दोन वर्षं बदलीचं चालूच होतं. आधी धाकट्या अनुश्रीचं लग्न होऊ दे म्हणून, मग अनुची पहिली दिवाळी होऊ दे म्हणून, आता ही पहिली संक्रांत. शर्मिष्ठाच्या पर्समध्ये मंगळसूत्राची डबी असे. कॉलोनीच्या फाटकापाशी घालायचं, बँकेच्या पायरीवर काढायचं.

तिकीट मात्र बाबांनीच काढलं. रामकृष्णराव रेल्वेतून रिटायर झालेले, घरात कमी बोलणारे. तिच्या उशीखाली तिकीट सरकवून एवढंच म्हणाले, "शनिवारी साडेपाचले स्कूटर काढतो. बॅग लहान घे."

शनिवारी तीनपासून हळदीकुंकवाला बाया यायला लागल्या. अनुश्री काळ्या साडीत, अंगभर हलव्याचे दागिने, रात्रीवर चांदण्या ठेवल्यागत. शर्मिष्ठाच्या बोटांनी घडवलेला एकेक दाणा धाकटीच्या गळ्यात, कानांत, मनगटांवर. तिच्या सासूबाई पद्मिनीबाई पंडरीच्या कापडबाजारातून खास घेतलेलं जरीचं पातळ नेसून मधोमध बसल्या होत्या.

रमाबाईंनी मोठीच्या मुठीत चिठ्ठी कोंबली. लग्नपत्रिकेच्या पाठीवर दोन ओळी, आईच्या गोल अक्षरात.

"नाव घ्या लागते. सगळ्याच घेऊन राहिल्या."

"आई, मी नाही घेणार."

"तर मंग सांग न सगळ्यायले. इथंच सांग. तुझ्या बहिणीच्या सासूसमोर."

अनुश्री कानाशी आली. हलव्याचा हार खुळखुळला. "दीदी, प्लीज. बस आज का दिन. ये लोग मेरा जीना मुश्किल कर देंगे."

"हव, शर्मिष्ठाबाई, उठा आता," शेजारच्या चित्राकाकू म्हणाल्या. "जावई लांब आहे तर नाव अजून गोड लागते."

शर्मिष्ठा उठली. कुंकवाच्या करंड्याकडे पाहिलं, मग दाराकडे. साडेचार. तिनं मनाशी ठरवलं, की पहिली ओळ म्हणायची आणि नाव यायच्या जागी थांबायचं. खोटं म्हणायचं नाही. थांबलं की विचारतील. विचारलं की सांगून टाकू. एकदा तोंडातून निघालं की मग निघालंच.

"मंद मंद आचेवर हलव्याला फुटतो काटा..."

आणि ती थांबली.

बांगड्यांचा आवाज थांबला. तिच्या छातीत काहीतरी उंबऱ्यापर्यंत आलं, एक पाय बाहेर टाकून उभं राहिलं. विचारा, तिनं मनात म्हटलं. कोणीतरी विचारा, काहून थांबली म्हणून.

"अगं बाई, लाजली," चित्राकाकू म्हणाल्या.

सगळी बैठक हसली. प्रेमानं हसली. कोणी तिच्या पाठीवरून हात फिरवला, कोणी पदर सावरला. कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "इतक्या वर्सानंबी लाजते पोट्टी. दृष्ट काढा वं तिची."

"नाही, मी लाजली नाही, मी..." शर्मिष्ठा म्हणाली. त्यावर बाया अजूनच हसल्या.

तेवढ्यात रमाबाईंनी ओळ उचलली. आवाज स्वच्छ, कुठं कापला नाही. "पुष्कररावांच्या संगे माझ्या सुखाच्या वाटा!"

टाळ्या पडल्या. पद्मिनीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू टेकवलं. "अशी लाजाळू सवाष्ण आजकाल कुठं भेटते? सोमवारी पहिली ओटी हिचीच. माझ्या सुनेले हिच्यासारखाच संसार लाभो."

अनुश्रीनं खाली वाकून बहिणीच्या पायांना हात लावला. हारातला एक दाणा तुटून शर्मिष्ठाच्या पावलावर पडला. अनु उठली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, आणि ती हळूच हात जोडत होती, कोणाला दिसू नये असे.

सव्वापाचला शर्मिष्ठा मागच्या दारानं बाहेर आली. बाबांनी स्कूटर काढून ठेवली होती. एक हेल्मेट डोक्यावर, दुसरं हातात. तिच्या कपाळाकडे पाहून त्यांनी बॅगेसाठी पुढं केलेला हात मागं घेतला.

"गाडी भेटते अजून," ते म्हणाले. "पंधरा मिनिटं लागते स्टेशनले."

आतून चित्राकाकूंनी हाक मारली, शर्मिष्ठाच्या हातचा हलवा त्यांना डब्यात हवा होता.

"बाबा, स्कूटर आत घ्या."

"शमे."

"घ्या न आत."

त्यांनी स्कूटर आत घेतली. स्टँडवर लावली, उगाच फडक्यानं सीट पुसली. दुसरं हेल्मेट खुंटीवर टांगलं आणि पाठ वळवून तिथंच उभे राहिले. शर्मिष्ठानं डबा काढला. हलवा ओंजळीनं भरताना काटे बोटांना लागत होते, पण बोटं भाजलेली होती, कळलं नाही.