वरच्या सळया

“हिरवं आलं, बाबा! अख्खी शाळा हिरवीगार. सज्जासुद्धा!”

लेकीने खुर्ची गर्रकन फिरवली. पडद्यावर मुलींच्या शाळेचा नुसता सांगाडा उभा होता. खांब, तुळया, स्लॅब, आणि दर्शनी बाजूला, खाली एकाही खांबाचा टेकू न घेता बाहेर झेपावलेला तो लांबलचक सज्जा. चौतीस वर्षांपूर्वी वडिलांनी तो पेन्सिलीने काढला होता, गणितं कागदावर मांडली होती. आता शाळेने जुन्या इमारतीची तपासणी लेकीच्याच ऑफिसकडे दिली, आणि लेकीने वडिलांचे नकाशे एकेक करून संगणकात भरले.

“ताकद शंभराची धरली तर सज्ज्यावर भार येतोय अठ्ठ्याहत्तरचा. कसं जमवलंत हो कागदावर? माझ्या सॉफ्टवेअरलाही खोट काढता आली नाही.”

“त्याचं काय घेऊन बसलीस. आपण सांगू ते ते खरं मानतं.”

“झालं! कौतुक केलं तरी पंचाईत.”

वडील हसले नाहीत. कपातल्या चहावर साय धरत होती, ती बघत राहिले.

सज्जा म्हणजे बाहेर पसरलेला हात. त्यावर भार आला की ताण वरच्या अंगाला बसतो. म्हणून त्याच्या मुख्य सळया वर असतात, अगदी कातडीखाली शीर असावी तशा. पण स्लॅब भरताना त्यांच्यावरूनच घमेली घेऊन माणसं ये-जा करतात. एखादा जड पाय पडतो, सळई खाली दबते, वर ओलं काँक्रीट येतं, आणि झाकलं ते झाकलं. म्हणून सज्जा भरायचा असला की वडील पहिल्या घमेल्यापासून शेवटच्या घमेल्यापर्यंत तिथेच उभे. ऊन म्हणायचं नाही, भूक म्हणायची नाही. “सळईवर पाय नको!” एवढाच जप. कामगार पाठीमागे त्यांना ‘पायसाहेब’ म्हणायचे.

जन्मभर त्यांनी हे केलं. एकच सज्जा अर्ध्यावर सोडून गेले.

तेव्हाचा मुकादम केव्हाच वारला होता. नकाशा स्वच्छ होता, पडदा हिरवा होता, उद्या अहवाल जाणार होता. गप्प बसलं असतं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. पण सुट्टी संपली की मुली त्या सज्ज्यावर येणार होत्या.

“त्या दिवशी मी दुपारी निघून गेलो होतो,” वडील म्हणाले.

“कुठून?”

“साइटवरून. डावी बाजू भरायची बाकी होती.”

लेक बघतच राहिली. “तुम्ही? पायसाहेब? का?”

“काम होतं.”

“आणि परत आल्यावर?”

“सकाळ झाली होती. वरून सगळं छान घोटून ठेवलेलं. मुकादम म्हणाला, ‘साहेब, एकही सळई हलली नाही.’ मला ते खरं मानायचं होतं. मानलं.”

“बाबा, नकाशावर सही तुमची आहे.”

“म्हणून तर सांगतोय ना, बाळा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने सळया शोधायचं यंत्र सज्ज्यावरून फिरवलं, कपड्यावरून इस्त्री फिरवावी तसं. उजव्या बाजूला सळया दोन सेंटिमीटर खोल लागल्या. दोन, दोन, सव्वादोन. वडिलांनी कठड्याला धरून श्वास सोडला. सज्ज्याचा मध्य ओलांडला आणि आकडा एकदम वाढला. साडेसहा. पुढे साडेसहा. त्याच्यापुढेही साडेसहा.

लेक तिथेच पायरीवर बसली, मांडीवर लॅपटॉप घेतला, एकच आकडा बदलला. सज्ज्याची डावी बाजू लालभडक झाली. भार तोच, पण ताकदीच्या शंभराला आता तो एकशे बावीस पडत होता.

“इतकी वर्षं तर काही झालं नाही!” मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या.

“पुरती गर्दी कधी झाली नाही, म्हणून,” लेक म्हणाली.

बाईंचा चेहरा उतरला. “यंदा शाळा उघडली की सगळ्या मुलींना इथे दाटीवाटीने उभं करून फोटो काढणार होतो, हो.”

बाईंनी स्वतःच्या हाताने सज्ज्याच्या दाराला कुलूप घातलं, आणि बांधकामाची जुनी वही आणून दिली. लेक पानं उलटू लागली. वडिलांच्या अक्षरात एक ओळ होती : ‘सज्जा भरला.’ शेजारी तारीख. लेकीचं बोट तिथेच थबकलं. दिवस तिच्या वाढदिवसाचा होता, वर्षही तिचंच.

“काम होतं म्हणे,” ती हळूच म्हणाली.

“होतंच की. सव्वातीन किलोचं.”

तिला हसू आलं, आणि डोळ्यांनाही काहीतरी आलं. तिने वही मिटली. “अहवालात काय लिहू?”

“लिही, ‘डावी बाजू भरताना अभियंता गैरहजर.’”

“आणि कारण?”

“काँक्रीट कारण विचारत नाही, बाळा.”

तिने तसंच लिहिलं. वडिलांनी खाली सही केली, चौतीस वर्षांपूर्वी करत तशीच, पूर्ण नावाची.

सुट्टीतच सज्जा तोडला. नवा भरायचा त्या सकाळी लेकीने वडिलांसाठी सावलीत खुर्ची ठेवली. दुपारी वडिलांचा फोन वाजला.

“अहो, जेवायला येताय ना?”

“सज्जा भरून होऊ दे.”

“तुमचं हे जन्माचंच आहे!”

लेकीने फोन घेतला. “आई, दोघांचाही डबा इकडेच पाठव.”

तेवढ्यात एका गड्याचा पाय सळयांवरून चालायला टाकलेल्या फळीवरून सुटला. वडिलांनी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज आता पूर्वीचा राहिला नव्हता. मिक्सरच्या घरघरीत तो विरून गेला.

“सळईवर पाय नको!”

आवाज लेकीचा होता. गड्याचा पाय हवेतच थांबला आणि पुन्हा फळीवर गेला.

उन्हं कलली. शेवटची सळई राखाडी लगद्याखाली दिसेनाशी झाली, वर थापी फिरली. मग वडील मागे वळले आणि सकाळपासून रिकाम्या असलेल्या खुर्चीत टेकले.