लवंगदेठांच्या धुराचा हलवा

"उस्सीचा हमद, हमदचा फाकी, आणि त्या फाकीचा मी मकामे," असे एकेक नाव स्पष्ट उच्चारत मकामेने दुकानदाराची मान पकडली आणि त्याचे तोंड त्याच्याच हलव्याच्या ताटात दाबले. "आमच्या घरात तीन पिढ्यांनी हलवा घोटला. आणि तू मला तुपाच्या नावाखाली तेल चारतोस?"

"तूपच आहे हो, शप्पथ," ताटातून घुसमटलेला आवाज आला.

"मग चाट की!"

बाकांवरची गिऱ्हाइके कडू कॉफीच्या वाट्या सांभाळत भिंतीला टेकली. टांगा बंदराच्या बाजारात मकामेला न ओळखणारा मिठाईवाला उरलाच नव्हता. लवंगा उतरवून झाल्या की तो पेम्बा बेटावरून होडीने येई, आणि किनाऱ्यावरचे प्रत्येक चहाचे दुकान, प्रत्येक खानावळ पालथी घाली. चांगल्या पदार्थापुढे हा दांडगा माणूस लेकरासारखा गप्प होई. पाकातले काइमातीचे तळलेले गोळे तो डोळे मिटून खाई. नारळाच्या दुधातल्या तांदळाच्या विटुम्बुआ वड्यांची सहा-सहा ताटे संपवून मालकिणीचे हात आपल्या डोळ्यांना लावी. पदार्थ वाईट निघाला की मात्र बाक मोडे. पांगानी गावात हलव्यात पीठ मिसळणाऱ्या एकाचे पुढचे दोन दात त्याने पाडले होते. लोक त्याला गोडखाऊ म्हणून हसत. त्या जिभेच्या तळाशी दुसरी एक भूक होती, ती कोणाला ठाऊक नव्हती.

तो नऊ वर्षांचा असताना त्याचा बाप फाकी एका सकाळी गळ्यापासून कोपरापर्यंत भाजून घरी आला. अंगावर उकळता हलवा उडाला होता. "शामे," एवढेच तो बोलला. जखमा धुण्याचे काम मकामेकडे होते. महिनाभर त्याने त्या धुतल्या, आणि मग बापाचे प्रेत धुतले. फाकीच्या हाताखाली काम करणारा शामे त्याच दिवशी बेट सोडून गेला होता. जाताना त्याने घरची कृती नेली. इतर सगळे शेवटपर्यंत साधे सरपण जाळतात. फाकीच्या घरी शेवटच्या तासाला जाळात लवंगांची वाळलेली देठे पडत आणि त्यांचा धूर तुपात मुरे. तो स्वाद ज्या कढईत सापडेल तिथे शामे सापडेल, हे त्या पोराने तेव्हाच ताडले होते. बापाच्या मातीवर त्याने तिन्ही पूर्वजांची नावे घेऊन सांगितले होते : ज्या हातांनी हे केले ते हात मी तापल्या तांब्यावर धरीन.

त्या शपथेला आता चाळीस वर्षे झाली होती.

दुकानदार तोंड पुसत उठला. "एवढी जीभ आहे तर मासळीबाजारामागं जा, बी मिझे नावाच्या बाईकडं. फक्त शुक्रवारी करते, आज आहेच. तिच्यापुढं चालव ही दादागिरी, म्हातारी सोलून काढेल तुला!"

मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर पोहोचताच मकामे थबकला. खारट हवेतून लवंगदेठांचा धूर येत होता.

परसात चुलीवर तांब्याची मोठी कढई चढली होती. एका बाजूला बी मिझे होती, ताठ कण्याची, पांढऱ्या केसांची; दुसऱ्या बाजूला तिचा भाचा खातिब. दोघेही लांब दांड्याच्या सराट्यांनी हलवा घोटत होते.

"अजून उतरायचाय, काका. बाहेर बसा," खातिब म्हणाला.

"शामे कुठाय?"

"कोण विचारतंय?"

"आधी त्याला बाहेर काढ. मग सांगतो."

खातिबने सराटा सोडला आणि सरपणातले लाकूड उचलून तो आडवा आला. हीच त्याची चूक झाली. कढई चुलीवर असताना सराट्यावरच्या माणसाला कोणी हात लावत नाही. घरी मयत झाली तरी हलवा उतरेपर्यंत त्याला कोणी हाक मारत नाही, आणि वैरीसुद्धा तोवर दारात उभा राहतो. सराटा सोडला की मात्र माणूस उघडा पडतो. मकामेने त्याचे मनगट हवेतच पकडले आणि दाराच्या चौकटीवर आपटले. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मग गुडघा त्याच्या तोंडावर बसला. खातिब भिंतीशी घसरून पडला, नाकातले रक्त त्याच्या सदऱ्यावर उतरू लागले.

बी मिझेचा हात थांबला नाही. तिने मानही वळवली नाही.

"झालं? आता तो सराटा धर."

"शामे कुठाय, बी?"

"आत आहे माझा भाऊ. त्याला काही पळून जायचं नाही. पण मी एकटी म्हातारी एवढी कढई किती ओढू? तुझ्या बाजूला लागायला लागलंय."

मकामेने कढईत पाहिले. पिकल्या खजुराच्या रंगाचा हलवा जाड बुडबुड्यांनी उसासत होता आणि त्याच्या बाजूने कड काळवंडत चालली होती. चाळीस वर्षे शोधलेला स्वाद त्याच्या डोळ्यांदेखत करपत होता. त्याने सराटा उचलला.

"तळातून ओढ, तळातून! फाकीचाच ना तू? जबडा तोच आहे. की नुसता खायलाच जन्मलास?"

"मी घोटत नाही. मी खातो."

"ते पोटावरून दिसतंय."

मकामे आता तळातून ओढू लागला.

"तुझ्या भावानं माझ्या बापाला मारलं," मकामे म्हणाला.

"त्या दिवशी मी तिथंच होते. पंधरा वर्षांची. जाळात देठं मीच घालत होते."

"मग सांग काय झालं ते."

"मी कशाला सांगू? तुला डोळे आहेत." तिने आवाज चढवला. "शामे! बाहेर ये. फाकीचा मुलगा आलाय."

खांद्याने पडदा सारत एक वाळका म्हातारा बाहेर आला. त्याचे दोन्ही हात पुढे लोंबत होते. बोटे एकमेकांना चिकटून आल्याच्या गाठींसारखी झाली होती. भाजल्याचा व्रण दोन्ही मनगटांच्या वर एकाच उंचीवर संपत होता, बांगडी भरावी तसा सरळ रेषेत.

मकामेचा सराटा मंदावला. बापाच्या जखमा त्याला बोटांनिशी पाठ होत्या : ठिपके, ओघळ, वाकडेतिकडे चट्टे. उडालेला हलवा अशी सरळ रेष काढत नाही. दोन हात एकाच वेळी, एकाच खोलीपर्यंत आपसूक बुडत नाहीत. त्यासाठी मागे उभे राहून कोणाला तरी ते धरून ठेवावे लागतात. मागे नेमके कुठे उभे राहावे लागते, हे मकामेला चांगले ठाऊक होते. दुपारीच तो त्या दुकानदाराच्या मागे उभा राहिला होता.

"का?" त्याने विचारले.

"लग्नाचा हलवा होता," शामे म्हणाला. "उतरायच्या आधी बोटभर चाटला मी. गोडाचं वेड, दुसरं काय? तुझ्या बापानं हात कढईत धरले ते सोडेचना. मी लाथा झाडल्या, कढई कलंडली, ती त्याच्याही अंगावर आली."

"तो तुझंच नाव घेऊन गेला."

"घेईल. पण हलवा टाकायला मला हात कुठं उरले होते, बाबा?"

 मकामेने तळातून ओढले, कडेने फिरवले, पुन्हा तळातून ओढले. घाम हनुवटीवरून हलव्यात पडू नये म्हणून तो मधूनमधून खांद्याला तोंड पुशी. अखेर हलव्याने तांबे सोडले. गोळा सराट्याबरोबर सबंध फिरू लागला आणि कडेने तूप सुटले.

"सुटला," बी मिझे म्हणाली. तिने जाड फडक्यांचे दोन गुंडाळे त्याच्यापुढे टाकले. "खातिब तर गेला कामातून. एका बाजूनं तू धर, एका बाजूनं मी. कड्या तापल्यात."

मकामेने सराटा भिंतीला नीट टेकवून ठेवला. फडकी पायाने बाजूला सारली, बापाच्या मातीवर घेतलेली तिन्ही नावे पुन्हा घेतली आणि दोन्ही कड्या उघड्या पंजांत धरल्या.

चर्र झाले.

"अरे, फडकी..." बी मिझे पुढे सरसावली. शामेने आपला वाकडा हात तिच्या छातीपुढे आडवा धरला.

परात ओसरीवर होती, दहा-बारा पावलांवर. मकामे घाईने चालला नाही. घाई केली असती तर हलवा हिंदकळला असता. त्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या तटतटल्या होत्या, ओठ दातांत फाटला होता. लवंगदेठांच्या वासात दुसरा एक वास मिसळला. त्याने कढई परातीवर कलती केली आणि हलवा सावकाश, सलग ओतला. मग कढई खाली ठेवली. हात लगेच सुटले नाहीत. ओढून काढावे लागले, आणि कातडी तांब्यावरच राहिली.

"वेडा आहे हा," भिंतीशी बसलेला खातिब पुटपुटला.

मकामे ओसरीच्या पायरीवर बसला होता. हात मांड्यांवर उताणे पडले होते. बी मिझेने परातीतून हलवा घेतला, फुंकर घालून निववला आणि पहिला घास भावाच्या तोंडात घातला. दुसरा घेऊन ती मकामेसमोर उभी राहिली.

"खातिबच्या मनगटाचं मी तुझ्याकडून वेगळं वसूल करीन," ती म्हणाली. "आ कर."

त्याने तोंड उघडले. त्याचे डोळे मिटले गेले.

"जायफळ?" शामेने विचारले.

मकामेने घास गिळला. "जरा जास्त."

शामेने मान हलवली आणि पायरीवर त्याच्या शेजारी बसला. कितीतरी वेळ तो त्या दोन उताण्या पंजांकडे पाहत राहिला.

"तुझ्या घराकडं माझं आता काही येणं राहिलं नाही," तो म्हणाला.